प्रयोगशाळेचा प्लॅन सहीसाठी आलाय, काय पाहू?

प्रश्न : आमच्या विद्यापीठ विभागासाठी रसायनशास्त्राची नवी प्रयोगशाळा बांधायची ठरलं आहे. खोली १२ मीटर बाय ८ मीटर, उंची साडेतीन मीटर. आर्किटेक्टने चारही फ्यूम हूड (घातक वाफा ओढून बाहेर टाकणारी, पुढून उघडी कपाटं) दाराशेजारच्या भिंतीला दाखवलेत, म्हणजे मधे टेबलांना ऐसपैस जागा मिळते. सही करण्याआधी आम्ही शिक्षकांनी काय तपासावं?
— एक प्राध्यापिका, पुणे

उत्तर : सही इतक्यात करू नका. आधी ते हूड दारापासून हलवून घ्या.

हूडच्या तोंडाशी हवा सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेगाने आत जाते. माणूस नुसता चालत गेला तरी त्याचा वेग याच्या दुपटीहून जास्त असतो. त्यामुळे दारातली ये-जा, दाराची उघडझाप, वरून येणारा एसीचा झोत, यातलं काहीही हूडमधल्या वाफा बाहेर ओढतं आणि त्या काम करणाऱ्याच्या तोंडावर येतात. शिवाय आग लागायची भीती हूडमध्येच जास्त. ती दाराशी लागली तर आतली बॅच बाहेर कुठून पडणार? हूड खोलीच्या आतल्या टोकाला हवेत आणि बाहेर पडायला दुसरं दारही हवं. टेबलांची जागा थोडी कमी झाली तर होऊ द्या.

आता आर्किटेक्टला एक प्रश्न विचारा: हूड जेवढी हवा बाहेर टाकतील तेवढी आत येणार कुठून? हिशेब सोपा आहे. हूडचं उघडं तोंड १.२ मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच धरलं तर एक हूड तासाला १०८० घनमीटर हवा बाहेर काढतो. चार हूड म्हणजे ४३२० घनमीटर. तुमची अख्खी खोली ३३६ घनमीटरची आहे. म्हणजे खोलीतली हवा तासाला जवळजवळ १३ वेळा बदलणार! स्प्लिट एसी लावला की ताजी हवा येते असा समज मी पुष्कळ ठिकाणी ऐकलाय. तो खोलीतलीच हवा फिरवतो. बाहेरची हवा आणायची वेगळी सोय नसेल तर हूड एकमेकांची हवा ओढू लागतात आणि कमजोर हूड उलटा वाहतो. सुरक्षेसाठी बाहेर उघडणारी केलेली दारंही अशा, हवेचा दाब कमी झालेल्या खोलीत आतून ढकलायला जड जातात. बांधकाम झाल्यावर हे दुरुस्त करायचं तर फॉल्स सीलिंग फोडावं लागतं, म्हणून आत्ताच भांडा.

ब्लोअर, म्हणजे हूडमधली हवा खेचणारा पंखा, गच्चीवरच हवा, हूडच्या डोक्यावर नको. तो वर असला की सगळ्या डक्टमधे हवा खेचली जाते, सांध्याला भेग पडली तरी वाफा खोलीत येत नाहीत. आपला पाऊस बघून कॉन्ट्रॅक्टर चिमणीवर छत्रीसारखी टोपी बसवतो. ती लावू देऊ नका. टोपीला आपटून वाफा खाली गच्चीवरच पसरतात. चिमणी सरळ आणि उंच ठेवा, पावसाचं पाणी निघून जायला तळाशी वाट द्या. पुण्यात पावसाळ्यात आणि उन्हाळ्याच्या दुपारी वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा ताजी हवा घ्यायची जाळी चिमण्यांच्या पूर्वेला नको.

टेबलांच्या दगडाबद्दल. टेंडरमधे नुसतं ‘काळा दगड’ लिहिलेलं असेल तर तुमच्या माथी कडाप्पा येईल. पॉलिश केला की तो ग्रॅनाइटसारखाच दिसतो, पण तो चुनखडीचा दगड आहे. तुकडा मागवा, त्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. बुडबुडे आले, पॉलिश उडून राखाडी डाग पडला, की परत पाठवा. हीच गोष्ट शहाबादी फरशीची. ग्रॅनाइटला नेहमीची आम्लं काही करत नाहीत, फक्त हायड्रोफ्लोरिक सोडून.

अंगावर रसायन सांडलं तर ज्याखाली उभं राहायचं त्या सेफ्टी शॉवरखाली मोरी दाखवली आहे का ते बघा. एका कॉलेजात ती नव्हती. पाणी खोलीभर होतं म्हणून शॉवर कुणी कधी चालवून पाहिला नाही, आणि गरज पडली तेव्हा व्हॉल्व्ह हलेना. त्या मुलीला बादलीने पाणी घालावं लागलं, ते मी विसरू शकत नाही. डोळ्यात रसायन उडालं तर ते धुवायला सलग १५ मिनिटं पाणी लागतं. गुरुवारी पाणीकपात असली तरी ते मिळायला हवं, म्हणजे टाकीतला तेवढा साठा राखीव पाहिजे. गच्चीवरचे पाइप उन्हात उघडे असतील तर एप्रिलमधे त्या पाण्याने डोळे धुणं अशक्य. ते झाकून घ्या.

बाकीचं थोडक्यात. सिंक आणि ड्रेनेज पॉलिप्रॉपिलीनचं घ्या. गॅस सिलिंडर इमारतीबाहेर ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती ओळखणारं यंत्र जमिनीलगत बसवा. स्टोअरमधे बाटल्या वर्णमालेप्रमाणे लावू नका, नायट्रिक आम्ल सेंद्रिय द्रावकांच्या जवळ येता कामा नये.

पुढच्या मीटिंगला लॅब असिस्टंट आणि अटेंडंट यांना बोलवा, आणि त्यांना आधी बोलू द्या. सिलिंडरची ट्रॉली कोणत्या उंबऱ्यावर अडकते हे आपल्याला ठाऊक नसतं, त्यांना असतं.

करारात एक अट घालून घ्या: चारही हूड, एसी आणि ताज्या हवेचे पंखे एकाच वेळी चालू ठेवून प्रत्येक हूडसमोर धुराची चाचणी तुमच्या डोळ्यांदेखत होईल, हवेचा वेग मोजून लिहून दिला जाईल, आणि शेवटचं बिल त्यानंतरच निघेल.