दुसऱ्या वर्षीचं बिल

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

गावच्या संगणक-इंटरनेट केंद्राचा तुझा प्रस्ताव वाचला. बारा संगणक आहेत, छतावरचा अँटेना आहे, उद्घाटनाचा मांडवसुद्धा आहे. दुसऱ्या वर्षीचं लाइटबिल कोण भरणार, तेवढं नाही. आमचंही असंच झालं होतं. तालमीच्या माडीवर एका कंपनीने दहा संगणक दिले, नारळ फुटला, फोटो निघाले. दीड वर्षात यूपीएसच्या बॅटऱ्या फुगल्या, थकबाकीपायी नेट तुटलं, आणि गणपतीत त्याच टेबलांवर पोरं प्रसादाच्या पुड्या बांधत बसली.

पैसा मागायला शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत तू जाशीलच. पण आधी त्यांचा ताळेबंद बघ. सीएसआरचं, म्हणजे कंपनीने नफ्यातला वाटा समाजकामावर खर्चायचं, कंपनी कायद्यातलं कलम १३५ लागू होतं ते वर्षाला ५ कोटी नफा, १,००० कोटी उलाढाल किंवा ५०० कोटी नक्त मालमत्ता यांपैकी काहीतरी असलेल्या कंपनीलाच. शिवाय तो पैसा तुमच्या खात्यात यायचा तर १२-ए, ८०-जी या आयकराच्या नोंदण्या, सीएसआर-१ ही कंपनी मंत्रालयाकडची नोंदणी आणि तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. तुमचं मंडळ परवाचं. एखाद्या जुन्या नोंदणीकृत वाचनालयाला पुढे कर, तुम्ही मागे राहून राबा. मान त्यांना जाईल, जाऊ दे. परदेशी देणगीचा नाद मात्र सोड. परदेशी देणगीच्या कायद्याची, म्हणजे एफसीआरएची, मंजुरी असल्याशिवाय एक रुपया घेता येत नाही.

केंद्रासाठी माझा जीव खरा गावच्या दूध संस्थेवर आहे. सकाळ-संध्याकाळ सगळं गाव किटल्या घेऊन तिथे येतं, खोलीत लाइट असते, आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. त्यातून सभासदामागे पाच रुपये कापायचा ठराव वार्षिक सभेत मंजूर करून घे. आरडाओरडा होईल. कोल्हापुरात सभा म्हटली की तो व्हायचाच. पण ही रक्कम वर्षभर येत राहते, आणि स्वतःचे पाच रुपये गेले की नेट बंद पडल्यावर विचारायला माणसंही येतात.

वायफायसाठी पीएम-वाणी बघ. २०२० च्या डिसेंबरात मंजूर झालेली केंद्र सरकारची सार्वजनिक वायफायची योजना. चहाच्या गाड्यावरसुद्धा हॉटस्पॉट लावता येतो, त्याला परवाना लागत नाही, फी नाही. पूर्वी कंपन्या अशा ठिकाणी महागडी लीज्ड लाइन, म्हणजे भाड्याची स्वतंत्र जोडणी, गळ्यात मारायच्या. दूरसंचार नियामक ट्रायने २०२५ मध्ये अशा हॉटस्पॉटच्या २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीला घरगुती दराच्या दुपटीची मर्यादा घातली. दर मागताना हे तोंडावर असू दे.

आणि राउटर वरच्या मजल्यावर. २०१९ चा पूर तू बघितलायस.

रविवारी ये. येताना सचिवांना विचारून ये, दूध संकलनाच्या खोलीचं मीटर कुणाच्या नावावर आहे.