म्हशीचं कच्चं दूध चांगलं आहे का आणि त्यात जंतू आहेत का, हे घरी कसं तपासावं?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन यवतमाळ जिल्ह्यातल्या गावी राहायला आलात, गावातल्याच गवळ्याकडे म्हशीचं दूध लावलंय, घरात लहान मुलगी आहे आणि म्हणून लॅक्टोमीटर मागवलाय. जंतूंसाठी मागवला असेल तर पैसे वाया गेले. त्याच्या डिग्रीवरून, म्हणजे दूध किती दाट आहे त्या आकड्यावरून, दुधात पाणी आहे का ते कळतं, तेही अर्धवट. दूध कोणाच्या हातून, कुठल्या भांड्यातून आलं हे डिग्री सांगत नाही आणि फॅटही सांगत नाही. आमच्या भागात मात्र 'फॅट लागलं म्हणजे दूध चांगलं' एवढ्यावरच सगळा कारभार चालतो. याच समजुतीपायी माझ्या बाबांना चार लोकांत चोर ठरवलं गेलं, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. घरी नागपुरी म्हशी, लांब चपट्या शिंगांच्या. दूध मुऱ्हापेक्षा कमी, पण फॅट ७ च्या खाली क्वचितच. खायला सरकीची ढेप, तुरीचं कुटार आणि पावसाळ्यात धुऱ्यावरचं गवत. दूध गावच्या संकलन केंद्रावर जायचं, तिथून ४० लिटरच्या कॅनमध्ये भरून पिकअपनं तालुक्याच्या शीतकरण केंद्रावर. मी तेव्हा पुसदजवळच्या वरूडच्या दुग्धतंत्रज्ञान महाविद्यालयात शिकत होतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो होतो.

मे महिन्यात शीतकरण केंद्रावरून कॅन परत यायला लागले. तिथे प्रत्येक कॅनमधलं थोडं दूध परीक्षानळीत घेऊन पाच मिनिटं उकळत्या पाण्यात धरतात. गुठळी दिसली की अख्खा कॅन परत. परत आलेल्या कॅनमध्ये चार-पाच घरांचं दूध असायचं, पण त्यात सगळ्यांत जास्त आमचं, म्हणून नाव बाबांचं निघालं. संकलन केंद्राचा सचिव तिथल्या ओट्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, "काकाजी, तुमचं फॅट लागते, डिग्री लागते, मंग दूध फाटते कसं? रातचं मिसळता तुम्ही. वरून सोडा टाकता. मले का समजत नाही?"

बाबा काहीच बोलले नाहीत. रिकामी चरवी घेऊन घरी आले आणि त्या दिवशी जेवलेही नाहीत. आमच्या घरात संध्याकाळच्या दुधाला विरजण लागतं, लोणी निघतं, तूप कढतं. सकाळच्या धारेत शिळं दूध घालणं आमच्या आजीला कळलं असतं तर तिनं घराबाहेर काढलं असतं.

आता सोड्याचं बघा. सोडा टाकतात तो दूध फाटू नये म्हणून. दुधात जंतू वाढले की आम्लता वाढते, ती लपवायला सोडा लागतो. म्हणजे बाबांचं दूध फाटतंय आणि बाबा सोडाही टाकतात, हे दोन्ही आरोप एकाच दमात करणाऱ्याला दुधातलं काही कळत नव्हतं. सोड्याची शंकाच होती तर दुधात तेवढंच अल्कोहोल आणि रोझॅलिक अ‍ॅसिडचे थोडे थेंब टाकायचे होते. गुलाबी-लाल रंग आला तर सोडा, नाहीतर नाही. बाबांनी नंतर तशी मागणी केली, केंद्रावर कोणी ती तपासणी केली नाही. मशीन फॅट दाखवते, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ दाखवते, विषय संपला.

मी पुसदला गेलो, कॉलेजातून मिथिलीन ब्लूचं द्रावण, निर्जंतुक नळ्या आणि थर्मामीटर घेऊन आलो. ही तपासणी फार जुनी आणि सोपी आहे. १० मिलि दुधात १ मिलि निळं द्रावण घालायचं, बूच लावायचं, नळी एकदा हळूच उलटी करायची आणि ३७ अंशांच्या पाण्यात अंधारात ठेवायची. जंतू दुधातला प्राणवायू संपवतात, तो संपला की निळा रंग उडतो आणि दूध पुन्हा पांढरं दिसतं. रंग जितका लवकर उडेल तितके जंतू जास्त. भारतीय मानकाप्रमाणे ५ तास किंवा त्याहून जास्त टिकला तर दूध फार चांगलं, ३ ते ४ तास म्हणजे चांगलं, १ ते २ तास म्हणजे बरं, आणि अर्ध्या तासात उडाला तर वाईट.

मी चार नळ्या लावल्या. पहिलीत कास धुऊन, कोरडी पुसून, पहिल्या धारा जमिनीवर सोडून थेट आचळातून घेतलेलं दूध. दुसरीत आमच्या चरवीतलं, केंद्रावर पोचल्यावर काढलेलं. तिसऱ्या आणि चौथ्या नळीसाठी आईकडून दूध चांगलं खळखळ उकळून, झाकून थंड करून घेतलं. त्यातलं थोडं तिसऱ्या नळीत तसंच भरलं. उरलेलं केंद्राच्या 'धुतलेल्या' रिकाम्या कॅनमध्ये ओतून हिसळलं आणि त्यातून चौथी नळी भरली. कॅन मागायला गेलो तेव्हा सचिव जेवायला घरी गेला होता, तिथल्या पोऱ्यानं दिला.

झाकणाच्या आतलं रबर नखानं उचललं तर खाली पिवळट, चिकट थर निघाला. वास आंबट, जुन्या पनीरच्या पाण्याचा. कॅन रोज हौदातल्या थंड पाण्यानं विसळत होते, पण ते रबर किती दिवसांत निघालं नव्हतं देव जाणे. रोज सकाळी त्या थरातले जंतू ताज्या कोमट दुधात उतरायचे आणि पिकअप तालुक्याला पोचेपर्यंत त्यांना दोन-तीन तास ऊन मिळायचं.

आमच्या माजघरात पाणी तापवायची गरजच नव्हती. साधं पाणीच ३७ च्या वर जात होतं. मी गंजाजवळ, म्हणजे पाण्याच्या पातेल्याजवळ, बसून माठातलं पाणी पळीपळीनं घालत पारा खाली आणत होतो. बाबा दारात उभे. चौथ्या नळीचा रंग खालून फिका व्हायला लागला आणि दीड तासाच्या आत ती पांढरी पडली. फक्त वर हवेला लागून एक बारीक निळी कड राहिली, ती राहतेच, ती धरायची नाही. कॅनला न लागलेलं उकळलेलं दूध निळंच. आचळातलं कच्चं दूध संध्याकाळच्या धारेची वेळ झाली तरी निळं. चरवीतलं त्याहून जरा फिकं, पण तेही निळं. म्हणजे त्या कॅनमध्ये हिसळलेलं उकळलेलं दूध आमच्या कच्च्या दुधाआधी गेलं.

नळ्या तशाच घेऊन मी ओट्यावर गेलो. सचिव म्हणाला, "हे निळं पानी कालेजात दाखव. आमच्याकडे मशीन हाये." कोणीही बाबांची माफी मागितली नाही. काही दिवसांनी कॅनची रबरं बदललेली दिसली, धुण्याचा सोडा घालून गरम पाण्यानं कॅन धुणं सुरू झालं, आणि दूध फाटणं थांबलं. पण गावात अजूनही एखादा म्हणतोच की तेव्हा तुमच्या बाबांनी काहीतरी केलंच असेल. त्यांना आज इथे सांगतो, काही केलं नव्हतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. मिथिलीन ब्लू घरी करता येते, पण द्रावण नीट मापाचं हवं, नळ्या उकळलेल्या हव्यात. हे जमणार नसेल तर उकळून बघण्याची चाचणी करा. ५ मिलि दूध नळीत घेऊन पाच मिनिटं उकळत्या पाण्यात धरा. फाटलं तर ते दूध पोचलंच खराब होऊन. नाही फाटलं तर एवढंच कळलं की आम्लता अजून तेवढी वाढली नाही. जंतू नाहीत असा त्याचा अर्थ नव्हे.

लॅक्टोमीटर मागवलाच आहे तर नीट वापरा. तो ठरावीक तापमानाला बेतलेला असतो, भारतीय मानकाचा २७ अंशांना. आत्ताच काढलेल्या कोमट, फेसाळ दुधात बुडवाल तर डिग्री कमी दिसेल आणि गवळ्यावर पाणी घातल्याचा आळ घ्याल. फेस बसू द्या, दूध निवू द्या. आणि साय काढून घेतली की डिग्री चढते, पाणी घातलं की उतरते, म्हणून दोन्ही करणारा लॅक्टोमीटरला सहज फसवतो. म्हशीच्या दुधाचा सरकारी दर ६.० फॅट आणि ९.० एसएनएफला धरून ठरतो. दोन्ही आकडे बघाल तर फसवणूक कळेल, पण ती पैशांची.

आजारपण कशानं येतं ते निराळं. २०१८ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणानं देशभरात दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. धोकादायक भेसळ निघाली १२ नमुन्यांत. अ‍ॅफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीचं विष मर्यादेबाहेर निघालं ३६८ नमुन्यांत. ते येतं चाऱ्यातून. आपल्याकडे पावसाळ्यात ओल लागलेली सरकीची ढेप फेकायची जिवावर येते आणि तीच म्हशीपुढे जाते. दूध कितीही उकळा, ते विष जात नाही. काससुजीसाठी आचळात सोडलेल्या ट्यूबमधलं औषधही उकळून जात नाही. म्हणून गवळ्याला दोन गोष्टी स्पष्ट विचारा: ढेप कुठे ठेवता, आणि ट्यूब सोडल्यावर लेबलवर लिहिलेले दिवस दूध बाजूला काढता का.

काससुजी ओळखायला गवळ्याच्या घरचा धुण्याचा पावडर पुरतो. १०० मिलि पाण्यात ३ ग्रॅम पावडर विरघळवायची, प्रत्येक आचळाचं थोडं दूध वेगळ्या वाटीत घेऊन त्यात तेवढंच हे पाणी घालून हलवायचं. चिकट, गुळगुळीत होऊन तार धरली तर त्या आचळात सूज आहे, बाहेरून कास कितीही बरी दिसो. चाचणीचं दूध लगेच फेकायचं.

धार काढताना एकदा समोर उभे राहा. म्हैस डबक्यातून आली असेल तर कासेवरचा वाळलेला चिखल धुतला की नुसता हातानं झाडला? आचळं ओली करायला बोटं चरवीतल्या दुधात बुडवतात का? ही सवय घराघरात आहे आणि घाणेरडी आहे, मी आमच्या घरातून ती भांडून घालवली. गाळायचं फडकं रोज उकळतात की खुंटीला टांगून पुन्हा तेच?

धारोष्ण दुधानं ताकद येते असं सांगणारे काका-मामा तुम्हालाही भेटतील. मुलीला एक घोटही देऊ नका. गर्भ टाकणाऱ्या म्हशीच्या दुधातून ब्रुसेला नावाचा जंतू माणसात येतो. ताप येतो-जातो, सांधे धरतात, आणि महिनोन्‌महिने मलेरिया-टायफॉईडचीच औषधं चालतात. निळ्या नळीला ब्रुसेला दिसत नाही, क्षयाचे जंतूही दिसत नाहीत. ब्रुसेलासाठी म्हशीचं रक्त तपासावं लागतं, पशुवैद्यकीय दवाखान्यातून नमुना पाठवता येतो. वगारींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात लस असते, २०१९ पासून ती केंद्राच्या रोगनियंत्रण कार्यक्रमात आहे. गवळ्याला विचारा, टोचली का. दूध आल्याबरोबर उकळा, ढवळत उकळा, म्हशीच्या दुधावर साय लवकर धरते आणि वर उकळी आल्यासारखी वाटते.

दोन गोष्टी राहिल्या. २०१८ चे नमुने शहरांतले होते, खेड्यातलं चित्र वेगळं असू शकतं. आणि मिथिलीन ब्लूत सुजलेल्या कासेचं दूधही लवकर पांढरं पडतं, तर फ्रिजमध्ये ठेवलेलं दूध जंतू असूनही उशिरा. त्यामुळे रंग लवकर उडाला म्हणून लगेच गवळ्याला चोर म्हणू नका. आधी तुमचा स्वतःचा गंज आणि बरणी तपासा, मग त्याच्या कॅनच्या झाकणाचं रबर काढून दाखवायला सांगा. त्यानं ते कुरकुर न करता काढून दिलं आणि खाली स्वच्छ निघालं तर दूध त्याच्याकडेच ठेवा, लिटरमागे दोन रुपये जास्त मागितले तरी.