रक्तातली एन्झाइम शिसं जाळतात का?

ताई, तुम्ही लिहिलंय की दाजी जालन्याकडं जुन्या बॅटऱ्या वितळवायच्या भट्टीवर आहेत, रक्तात शिसं ४२ (मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर) निघालं, हिमोग्लोबिन ९ आहे, आणि एकजण एन्झाइम वाढवायच्या गोळ्या देतोय, "रक्तच शिसं जाळून टाकतं" म्हणून. मी परभणीत बरीच वर्षं लॅबमध्ये रक्त तपासलंय. त्या गोळ्यांवर एक रुपयाही घालू नका.

शिसं हे मूलद्रव्य आहे. एन्झाइम म्हणजे शरीरातली रासायनिक कामं घडवणारी प्रथिनं; भाकरीतला स्टार्च मोडावा तसं शिसं कुठल्याच एन्झाइमला मोडता येत नाही. होतं ते उलटंच. रक्तातलं सुमारे ९९ टक्के शिसं तांबड्या पेशींत जातं आणि तिथल्या 'एएलएडी' या एन्झाइमला धरून बसतं. हिमोग्लोबिनमधला लोह धरणारा भाग, म्हणजे हीम, तयार करायच्या साखळीत या एन्झाइमचं काम असतं आणि त्याला जस्त लागतं. शिसं जस्ताला उठवून त्याच जागेवर बसतं, काम बंद. शेवटी हीममध्ये लोह बसवणारं फेरोकिलेटेजही अडतं, मग लोहाच्या जागी जस्त बसतं. दाजींचं हिमोग्लोबिन कमी असण्यामागं हेही असू शकतं.

एन्झाइम धातूचं रूप बदलतात हे मात्र खरं. पाऱ्याची वाफ श्वासातून रक्तात आली की तांबड्या पेशींतलं कॅटलेज हे एन्झाइम तिचे आयन (विद्युतभार असलेले कण) करतं, पण तेच मग मूत्रपिंडाला छळतात. आर्सेनिकला यकृतातलं एन्झाइम मिथाइल गट जोडतं आणि ते लघवीवाटे जातं. शिशाला अशी वाट नाही. ते मूत्रपिंडातून हळूहळू निघतं. संपर्क तुटला तर रक्तातलं प्रमाण साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं, हाडात साठलेलं मात्र वर्षानुवर्षं झिरपत राहतं.

म्हणून पहिलं औषध म्हणजे भट्टीपासून लांब राहणं. शिसं बाहेर काढायची औषधं आहेत, ती द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण काम चालू ठेवून ती घेणं धोक्याचं. भट्टीवर गूळ देतात ना? तो काळ्या हातानं खाल्ला की धूळही पोटात जाते. लोह-कॅल्शियम कमी असेल तर शिसं आतड्यातून जास्त शोषलं जातं, तेही तपासून घ्या.

आणि लेकरांचं रक्त याच आठवड्यात तपासा. दाजींच्या कपड्यांवरून धूळ घरात येते आणि मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शिसं शोषतं. ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त निघालं तर ते कुठून आलं ते शोधा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तोवर दाजींचे कपडे वेगळे धुवा, आणि आंघोळ केल्याशिवाय त्यांना लेकरू उचलू देऊ नका.