200 चा आय गर्डर 20 फुटांच्या गाळ्यात 5 टन पेलेल का?

तुम्ही विचारलंय की 20 फुटांच्या गाळ्यात पोटमाळ्यासाठी 200 चा आयएसएमबी (200 मिलिमीटर उंचीचा, आय आकाराचा लोखंडी गर्डर) टाकतोय, दुकानदार म्हणतो 5 टन आरामात पेलतो, तर हे खरं का.

तो 'आरामात' शब्द वाचला आणि लिहायला बसलो. 1996 साली हाच शब्द मी माझ्या चुलत्यांच्या तोंडून ऐकला होता.

आधी ते 5 टन कुठून आले ते बघू. या गर्डरचा सेक्शन मॉड्युलस, म्हणजे आकारामुळे वाकण्याला होणाऱ्या विरोधाचं माप, जुन्या स्टील टेबलात 223.5 घन सेंमी आहे. साध्या लोखंडाला वाकताना चौरस मिलिमीटरला 165 न्यूटनपर्यंत ताण द्यायचा, असं आयएस 800 या लोखंडी बांधकामाच्या भारतीय मानकाच्या 1984 च्या आवृत्तीत होतं. गुणाकार केला की 36.9 किलोन्यूटन-मीटर मोमेंट येतो, म्हणजे गर्डर झेलू शकेल तो वाकवणारा जोर. ओझं सारखं पसरलेलं धरून त्याला 8 ने गुणलं आणि 6 मीटरने (साधारण 20 फूट) भागलं की 49 किलोन्यूटन, म्हणजे 5 टन. 2007 च्या आवृत्तीची रीत वेगळी आहे, पण इथे उत्तर जवळपास तेच येतं. दुकानदार खोटं बोलत नाही, अर्धंच सांगतोय.

आमचं फॅब्रिकेशनचं काम कोल्हापुरात, उद्यमनगरात. चुलत्यांना आम्ही अण्णा म्हणतो. वेल्डिंग मला त्यांनीच शिकवलं, आणि त्यांच्यासारखा हात मी अजून पाहिलेला नाही. मी नुकताच सिव्हिलचा डिप्लोमा करून आलो होतो. एका गूळ व्यापाऱ्याच्या गाळ्यात माळा करायचा होता. मधोमध एकच गर्डर, त्यावरून दोन्ही भिंतींपर्यंत लाकडी वासे, वर फळ्या. मी म्हटलं, 300 चा घालू. अण्णा म्हणाले, "200 चा आरामात पेलतोय. तुझ्या पुस्तकापायी गिऱ्हाईक पळंल." माळा झाल्यावर त्यांनी आठ गडी वर चढवून नाचवले. गर्डर जागचा हलला नाही, व्यापारी खूश.

हंगाम सुरू झाला. 30 किलोचा एक रवा, म्हणजे गुळाची ढेप, असे 400 रवे वर गेले. एकूण 12 टन, त्यातलं निम्मं भिंतींवर आणि निम्मं गर्डरवर. चार दिवसांनी निरोप आला की पेढीचं दार अडकतंय. ते दार गर्डरखालच्या लाकडी पार्टिशनमध्ये होतं. अण्णांनी सुतार पाठवला, त्यानं रंधा मारला. दोन दिवसांनी दार पुन्हा अडकलं, पुन्हा रंधा. मग मी गेलो आणि गर्डरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली. मधोमध 38 मिलिमीटर बाक. मानकात चालणारा बाक म्हणजे स्पॅन (दोन आधारांमधलं अंतर) भागिले 325, ते येतात 18. माळ्यावर चढून पाहिलं तर गर्डरची वरची पट्टी मध्यावर बोटभर बाजूला सरकलेली. ते बघून मात्र माझे पाय लटपटले.

वासे गर्डरवर नुसते ठेवलेले होते. वरची पट्टी दाबाखाली असते, तिला बाजूनं कुणी धरलेलं नसेल तर ती बाजूला पळते. पूर्ण 6 मीटर मोकळी सोडली की तुमचे 5 टन जेमतेम 2 टनांवर येतात. हे गणित मी त्या रात्री गुळाच्या वासात बसून तीनदा केलं. हमाल बोलावून 150 रवे उतरवले, जॅकनं गर्डर उचलला आणि मध्ये पाईपचा खांब लावला, व्यापाऱ्याच्या डोळ्यांसमोर. अण्णा वर्षभर माझ्याशी धड बोलले नाहीत. आजही दिवाळीला विषय निघतोच. "तुटला न्हवता न्हवं? मग पेलतच हुता की!"

नव्हता पेलत, अण्णा. आठ गडी नाचवून 500 किलोची खात्री झाली, 6 टनांची नव्हे. लोखंड तुटायच्या आधी वाकतं, आणि ते वाकणं आपण सुताराकडून तासून घेत होतो.

तर तुमचं. वासे किंवा अँगल वरच्या पट्टीला क्लीट (जोडायचे लोखंडी तुकडे) लावून पक्के केले, तर सगळीकडे सारखं पसरलेलं ओझं 3 टन धरा, त्यापुढे बाक हद्दीबाहेर जातो. सगळं वजन मध्यावरच येणार असेल तर 2 टनांच्याही आत. चेन पुली टांगायची असेल तर 200 चा विचारच सोडा. गर्डर काट्यावर चढवून घ्या, 6 मीटरचा तुकडा 150 किलोच्या आसपास भरला पाहिजे. 'लाईट' माल 120 भरला तर वरचा एकही आकडा तुमच्या कामाचा नाही. जागा वाचते म्हणून कुणी गर्डर आडवा टाकायला सांगितला तर त्याला कामावरून काढा, आडव्या गर्डरची ताकद सातवा हिस्साही उरत नाही.

हे आकडे नव्या, सरळ मालाचे आहेत, भंगारातल्या गर्डरला लावू नका. तुमची भिंत मी पाहिलेली नाही. गर्डरच्या टोकाखाली काँक्रीटचा बेड लागेल, तो केवढा ते गावातल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरला जागेवर नेऊन ठरवा.

आणि मध्ये खांब घालायची सोय असेल तर घालाच. स्पॅन निम्मा झाला की फुटामागे तेवढ्याच ओझ्याला बाक सोळाव्या हिश्श्यावर येतो. खांबामुळे गाडा फिरत नाही, असं अण्णा तेव्हा म्हणाले होते. त्या गाळ्यात नंतर तीन भाडेकरू बदलले. खांब अजून आहे, गाडेही फिरतात.