पेअर्ड टी-टेस्टमध्ये फरक नाही, म्हणजे इको आणि एमआरआय सारखेच का?

नाही. तुम्ही 40 रुग्णांचं इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतं) दोन्हींवर मोजलंत, जोडीजोडीने फरकांची सरासरी तपासणाऱ्या टी-टेस्टचा पी 0.6 आला, म्हणजे लक्षणीय फरक दिसला नाही, आणि आर, म्हणजे सहसंबंध गुणांक, 0.92 आला. त्यावरून ‘दोन्ही सारखे’ असं थीसिसमध्ये लिहू नका.

समजा, एका रुग्णाचं इकोवर 50, एमआरआयवर 60. दुसऱ्याचं नेमकं उलटं. फरकांची सरासरी शून्य, टी-टेस्ट खूश! पण दोघांचंही माप 10 टक्क्यांनी हुकलंय. आर तर आणखी भोळा: एक मशीन कायम दुप्पट आकडा दाखवत असेल, तरी तो 1 येईल.

ब्लँड आणि ऑल्टमन यांनी 1986 साली ‘लॅन्सेट’मध्ये सुचवलेला आलेख काढा: आडव्या अक्षावर दोन मापांची सरासरी, उभ्यावर फरक. मग त्यावर सरासरी फरक ± 1.96 एसडी (फरकांचं प्रमाण विचलन) अशी पट्टी आखा. ही पट्टी किती रुंद चालेल, ते आधी गाईडना विचारा. इजेक्शन फ्रॅक्शन 35 टक्क्यांच्या आसपास असताना आयसीडी (हृदयाचे धोकादायक ठोके शॉक देऊन थांबवणारं यंत्र) बसवायचा की नाही हे ठरतं, तिथे 10 चा फरक परवडत नाही.

रिग्रेशन (एका मापावरून दुसऱ्याचा अंदाज देणारी रेषा) हवंच असेल तर साधं नको. ते एक्स, म्हणजे आडव्या अक्षावरचं माप (इथे इको), अचूक धरतं, आणि इकोत चूक असतेच. त्यामुळे उतार उगाच कमी दिसतो. दोन्ही मापांत चूक असू शकते हे धरून चालणारं डेमिंग किंवा पासिंग-बाब्लोक रिग्रेशन वापरा.