कातर नंतर उचल

पोरा,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. गिऱ्हाईक फोनमधला फोटो पुढे करतं, तू तसेच केस कापून देतोस, ते खूश होऊन जातं. आणि दुकान बंद करताना तुला वाटतं की यात आपलं काय? म्हणून आता स्वतःची स्टाईल शोधायला कर्ज काढून कोर्स करायचा म्हणतोस.

स्टाईल तुझी नसते रे, समोरच्या डोक्याची असते. आधी डोकं बघ. माणूस दारातून आत येतो तेव्हापासून बघ, कारण एकदा अंगावर कापड टाकलं की त्याचे खांदे दिसत नाहीत. भोवरा एक आहे की दोन? कपाळावरचे केस कुठे उलटे उभे राहतात? मानेवरचे खाली वाढतात की आडवे? कवटी मागून चपटी असेल तर तिथे केस राखायचे असतात, आणि तू सरसकट मशीन मारून मोकळा होतोस. कुरळा केस ओला असताना लांब दिसतो, वाळला की आखडून वर जातो. किती वेळा सांगायचं?

2003 साली प्रत्येक पोराला सलमानसारखा मधला भांग हवा होता. 2006 च्या सुमारास धोनीचे मानेवर रुळणारे केस. मागणारे बरेचसे राठ नाहीतर कुरळ्या केसांचे. त्यांना मी समजावत बसायचो. काही उठून समोरच्या दुकानात गेले. जाऊ देत! थांबले ते आज मुलांना घेऊन येतात.

विडाल ससून या विलायती न्हाव्याचं नाव तुम्ही फार घेता. चौदाव्या वर्षी तो लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये शागीर्द म्हणून लागला. तेव्हा तिथल्या बायका आठवड्याच्या आठवड्याला केस सेट करून, स्प्रे मारून बसवून घेत. त्याने चेहऱ्याची हाडं बघून असं कापायला सुरुवात केली की धुतलेले केस आपसूक जागेवर पडावेत. 1964 च्या त्याच्या कटची पाच टोकं तुम्ही पाठ करता. त्याचं बघणं कोण शिकणार?

आपल्या माणसांचंही ऐक. 1890 मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी ठरवलं की विधवांचं केशवपन करायचं नाही. हातावर पोट असलेली माणसं होती ती. पण वस्तऱ्याखाली डोकं कोणाचं आहे हे त्यांनी बघितलं. माझ्या लेखी आपल्या धंद्यात याहून मोठं काम झालेलं नाही.

मला लोक हट्टी म्हणतात. दोनच खुर्च्या ठेवल्या, शाखा काढली नाही, भाच्यांनी एवढं सांगूनही नाही. अरे, तिसऱ्या खुर्चीतलं डोकं मला बघता आलं नसतं! पैसा कमी मिळाला, मान्य. पण माझ्या दुकानातून न बघता कापलेलं एकही डोकं बाहेर पडलं नाही, आणि आजही कोणी विचारलं तर मी दोनच खुर्च्या मांडीन.

एक मात्र सलतं. बायकांचे केस कापायला शिकायचं राहून गेलं. आमच्या गावात पुरुषांच्या दुकानाची पायरी बाई चढत नसे, आणि घर सोडून मुंबईला जाऊन शिकण्याची ऐपत नव्हती. लांब केसांचं वजन कुठे ओढतं, लेअर दिल्यावर ते कुठे हलकं होतं, हे मला ऐकून माहीत आहे, हाताला माहीत नाही. कोर्स करायचाच तर त्यासाठी कर. स्टाईल शोधायला नको.

सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा ये. ट्रिमर घरी ठेव. महिन्यापूर्वी तू ज्याचे केस कापलेस असा एखादा मित्र सोबत आण. महिन्याभरात केस साधारण एक सेंटीमीटर वाढतो. तेवढ्यात तुझा कट कुठे फुगला, कुठे फाकला, ते त्याच्या डोक्यावर दोघं मिळून बघू. कापायचं नंतर.

तुझा,
काका