त्रिनिदादचा ‘बारा’ आणि आपला वडा

प्रश्न असा आला आहे: त्रिनिदादला गेल्यावर काय खावं, याच्या यादीत ‘डबल्स’पुढे ‘दोन बारा आणि चणा’ असं लिहिलेलं असतं. हा ‘बारा’ कुठला? आणि बाकीची नावंही ओळखीची का वाटतात?

बारा म्हणजे वडाच. संस्कृत ‘वटक’चा मराठीत वडा झाला, हिंदी-भोजपुरीत बड़ा. वीस-बीस, वाट-बाट यांतही आपला ‘व’ तिकडे असाच ‘ब’ होतो. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे १ लाख ४४ हजार भारतीय मजूर करारावर त्रिनिदादच्या उसाच्या मळ्यांत गेले. त्यांतले बहुतेक भोजपुरी आणि अवधी मुलखातले. त्यांच्या बड़ामधला ‘ड़’ रोमन लिपीत ‘र’ झाला, म्हणून तो आपल्याला आकड्यासारखा दिसतो.

नाव टिकलं, पदार्थ मात्र पार बदलला. आता तो यीस्ट आणि हळद घातलेल्या मैद्याचा, तळलेला, पण पुरीसारखा चपटा आणि मऊ असतो. अशा दोघांत मसालेदार छोले भरले की झालं डबल्स. १९३६च्या सुमारास प्रिन्सेस टाउनच्या दीन कुटुंबाने ते विकायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं एकाऐवजी दोन बारा मागू लागली, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. पहिल्या सकाळी हेच खावं, आणि तेही रस्त्यावर उभं राहून.

‘बैगन चोका’ म्हणजे भोजपुरी चोखा, आपलं वांग्याचं भरीत. ‘दालपुरी’ त्याच घरातली. आत वाटाण्याच्या डाळीचं तिखटमिठाचं सारण. ‘सहीना’ तर चुकवूच नका: अळूची पानं आणि डाळीचं पीठ. अळूवडीवर जीव असलेल्या माणसाला तो लगेच आपला वाटेल.

‘बस अप शट’ हे नाव मात्र भारतातून गेलेलं नाही. तव्यावरच चुरगाळून फाडलेल्या पराठ्याला तिथल्या बोलीत ‘बर्स्ट अप शर्ट’, म्हणजे फाटका सदरा, म्हणू लागले. मला या यादीतलं सर्वांत सुंदर नाव हेच वाटतं.

गाडीवर ‘पेपर?’ असं विचारतील. ती मिरपूड नव्हे, मिरचीचा जहाल सॉस असतो. ‘स्लाइट’ म्हणा, म्हणजे थोडासाच घालतील.